झेडरॅमवरची फाइल सिस्टिम पुन्हा पुन्हा बिघडते तेव्हा

झेडरॅम म्हणजे लिनक्स कर्नलने रॅममध्येच उभं केलेलं, डेटा कॉम्प्रेस करून ठेवणारं डिस्कसारखं डिव्हाइस. स्वॅपसाठी, म्हणजे रॅममधून बाजूला काढलेला माल ठेवायला, लावलेला झेडरॅम महिनोन्‌महिने कुरकुर न करता चालतो. त्याच मशीनवर झेडरॅमचं दुसरं डिव्हाइस उघडून त्यावर एक्सएफएस ही फाइल सिस्टिम टाकली की मात्र रड सुरू होते. कधी माउंटच होत नाही, कधी माउंट होऊन थोड्या वेळाने मेटाडेटा (फाइल सिस्टिमच्या स्वतःच्या नोंदी) खराब असल्याचा संदेश लॉगमध्ये येतो आणि फाइल सिस्टिम स्वतःला बंद करून घेते. डिव्हाइस रीसेट केलं, नव्याने फॉरमॅट केलं, तर एखादी फेरी नीट जाते आणि पुढच्या फेरीला पुन्हा तेच. दुसऱ्या मशीनवर, अगदी त्याच कर्नलच्या आवृत्तीत, काहीच होत नाही.

अशा वेळी पहिला संशय ठरलेला असतो: कॉम्प्रेसर. मग एलझेडओ-आरएलई काढून एलझेड४, तेही काढून झेडएसटीडी. त्यानेही फरक पडला नाही की रॅमची चाचणी रात्रभर लावली जाते. या दोन्ही गोष्टींत वेळ घालवू नका. कॉम्प्रेस केलेला डेटा खरोखर बिघडला असता तर उलगडताना ड्रायव्हरला बहुतेक वेळा चूक मिळाली असती, आणि तो ती लॉगमध्ये पेजच्या क्रमांकासकट बोलून दाखवतो. इथे लॉगमध्ये झेडरॅमची एकही ओळ नसते, ओरडते ती फक्त फाइल सिस्टिम. याचा अर्थ बहुधा ड्रायव्हरने जे साठवलं ते त्याने जसंच्या तसं परत दिलं. घोळ आहे तो कुठे साठवलं यात.

आधी दोन मिनिटांची ओळखपरेड करून घ्या. गेटकॉन्फ कमांडला पेजसाइझ विचारा. पेज म्हणजे कर्नल मेमरी ज्या ठरावीक आकाराच्या तुकड्यांत वाटतो तो एक तुकडा; उत्तर बाइटमध्ये येतं. उत्तर ४०९६ आलं तर हा लेख बहुतेक तुमच्या कामाचा नाही. १६३८४ किंवा ६५५३६ आलं तर वाचत राहा. एआरएम ६४ वर कर्नल ४, १६ किंवा ६४ केबी पेजचा बांधता येतो, पॉवरपीसी ६४ वर बहुतेक वितरणं ६४ केबीच देतात आणि रास्पबेरी पाय ५ चा नेहमीचा कर्नल १६ केबीचा असतो. त्यानंतर सिस-एफएसमध्ये, म्हणजे कर्नल डिव्हाइसांची माहिती फाइलींच्या रूपात दाखवतो तिथे, झेडरॅमच्या क्यू या फोल्डरात लॉजिकल (मागणीचं सर्वात लहान एकक) आणि फिजिकल (डिव्हाइसच्या आतल्या साठवणुकीचं एकक) ब्लॉकचे आकार पाहा. लॉजिकल ४०९६ असेल आणि फिजिकल पेजइतका असेल. या दोन आकड्यांतली तफावत हेच दुखण्याचं मूळ आहे. ४ केबीच्या मशीनवर दोन्ही आकडे सारखे असतात, म्हणून तिथे काही दिसत नाही.

झेडरॅमची आयओ-स्टॅट ही फाइलही उघडून बघा, पण तिच्याकडून फार अपेक्षा नको. फसलेली वाचनं आणि फसलेली लेखनं हे पहिले दोन रकाने शून्य असतील, कारण ड्रायव्हरच्या लेखी काहीच फसलेलं नाही. तिसरा रकाना चुकीच्या संरेखनाच्या, म्हणजे ब्लॉकच्या पटीत न बसणाऱ्या, मागण्यांचा आहे. कर्नल ६.४ पासून तो कायमचा शून्य छापला जातो, कारण ती तपासणीच ड्रायव्हरमधून काढून टाकली आहे. ते योग्यही होतं. मागणी लॉजिकल ब्लॉकच्या पटीत आहे की नाही आणि डिव्हाइसच्या टोकापलीकडे जाते की काय, हे ब्लॉक लेयर (ड्रायव्हरच्या वरचा कर्नलचा थर) आधीच पाहतो, ड्रायव्हरने तेच पुन्हा मोजण्यात अर्थ नव्हता. पण त्या शून्यावरून "संरेखन ठीक आहे" असा निष्कर्ष काढणारे भेटतात, म्हणून सांगितलं.

आता मुद्द्यावर. झेडरॅम हा बायोवर चालणारा ड्रायव्हर आहे. तो मागण्या रांगेत लावत नाही, त्याला शेड्युलर नाही. वरून बायो येतो आणि सबमिट करण्याच्या फंक्शनमध्येच त्याचं काम तमाम होतं. बायो म्हणजे डिव्हाइसवरचा एक सलग पट्टा आणि त्याच्याशी जोडलेले मेमरीतले तुकडे. झेडरॅमचं साठवणुकीचं एकक मात्र पेज. दर पेजला तक्त्यात एक घर, त्या घरात कॉम्प्रेस केलेल्या मालाचा झेडएसमॅलॉक या मेमरी-वाटप यंत्रणेतला पत्ता, नाहीतर संपूर्ण पेज एकाच मूल्याने भरलेलं असेल तर नुसतं ते मूल्य. म्हणजे ड्रायव्हरला बायोचे असे तुकडे पाडावे लागतात की प्रत्येक तुकडा एकाच घरात मावेल.

तुकडे पाडताना दोन वेगळ्या सीमा सांभाळायच्या असतात. एक मेमरीच्या बाजूची: डेटा ज्या पेजमध्ये आहे त्याची हद्द. दुसरी डिव्हाइसच्या बाजूची: झेडरॅमच्या ज्या घरात तो जाणार त्याची हद्द. पेज कॅशमधून (फाइलींचा डेटा कर्नल रॅममध्ये धरून ठेवतो तो साठा) होणाऱ्या लेखन-वाचनात आणि स्वॅपमध्ये या दोन्ही सीमा एकमेकींवर तंतोतंत बसतात, कारण कॅशमधलं पेज हे डिव्हाइसवरच्या त्याच ऑफसेटच्या पेजचीच प्रत असते. डायरेक्ट आयओमध्ये, म्हणजे कॅश टाळून होणाऱ्या लेखन-वाचनात, आणि एक्सएफएस लॉगचे बफर लिहितं तशा कर्नलच्या अंतर्गत लेखनात त्या बसतीलच असं नाही. मेमरीतला बफर पेजच्या तोंडापासून सुरू होतो आणि डिव्हाइसवरची जागा एखाद्या घराच्या मध्यापासून. स्वॅप कुरकुरत नाही आणि फाइल सिस्टिम कोसळते, त्याचं कारण एवढंच.

जुन्या कोडमध्ये या दोन्ही सीमा पाळल्या जात होत्या, पण दिसायला तो प्रकार गचाळ होता. बाहेर मेमरीच्या तुकड्यांवर फिरणारं एक लूप, आत डिव्हाइसच्या पेजनुसार त्या तुकड्याचे आणखी तुकडे करणारं दुसरं लूप, आणि घराचा क्रमांक व ऑफसेट पुढे सरकवायला एक वेगळं छोटं फंक्शन. वाचन-लेखन दोन्ही एकाच फंक्शनमधून, "हे लेखन आहे का" अशा खुणेवर वाट बदलत. २०२३ मध्ये ६.४ साठी या भागाची मोठी साफसफाई झाली आणि त्यातलं बहुतेक काम उत्तम होतं. त्यातच एका पॅचने आतलं लूप उडवलं. विचार असा की बायोच्या तुकड्यांवर फिरणारा मॅक्रो प्रत्येक तुकडा पेजच्या हद्दीत आणूनच हातात देतो, मग आत पुन्हा कापायचं कशाला? मॅक्रो तसं करतो हे खरं आहे. पण तो मेमरीच्या पेजची हद्द पाळतो. डिव्हाइसच्या पेजशी त्याला देणंघेणं नाही.

नेमकं काय बिघडतं ते आकड्यांत पाहू. पेज ६४ केबीचं धरा. म्हणजे एका घरात ५१२ बाइटचे १२८ सेक्टर, आणि सेक्टर क्रमांक सात बिटांनी उजवीकडे सरकवला की घराचा क्रमांक मिळतो. समजा १६ केबीचं लेखन सेक्टर १०४ पासून आलं. घर शून्य, ऑफसेट १०४ गुणिले ५१२ म्हणजे ५३२४८, अर्थात ५२ केबी. डेटा मेमरीत एकाच पेजच्या सुरुवातीला आहे, म्हणून मॅक्रो १६ केबीचा एकच तुकडा देतो. तुकडा पेजपेक्षा लहान असल्यामुळे ड्रायव्हर अर्धवट पेजची वाट धरतो: ६४ केबीचा तात्पुरता बफर घ्यायचा, जुनं पेज त्यात उलगडायचं, नवा डेटा ऑफसेटवर चिकटवायचा, पुन्हा कॉम्प्रेस करून साठवायचं. आता ५२ मध्ये १६ मिळवा. ६८ केबी. बफर ६४ केबीचा. शेवटचे ४ केबी बफरच्या बाहेर, कर्नलच्या दुसऱ्याच कुठल्यातरी मेमरीवर जाऊन पडतात, आणि जिथे ते जायला हवे होते त्या घर क्रमांक एकला कुणी हातही लावत नाही.

हा झाला आरडाओरड करणारा प्रकार. दुसरा जास्त घातक आहे. लेखन अख्ख्या ६४ केबीचं आहे आणि ते डिव्हाइसच्या ४ केबी ऑफसेटपासून सुरू होतं असं धरा. तुकड्याची लांबी पेजइतकीच. अर्धवट पेज ओळखणारी तपासणी फक्त लांबी बघते: पेजपेक्षा वेगळी असेल तर अर्धवट, नाहीतर पूर्ण. इथे ती "पूर्ण" म्हणते. पूर्ण पेजच्या वाटेवर ऑफसेट वापरायचं कारणच नसतं, म्हणून तो गळून पडतो. सगळे ६४ केबी घर शून्यमध्ये, शून्यापासून जाऊन बसतात. म्हणजे डेटा ४ केबी मागे सरकला, आधीचे पहिले ४ केबी पुसले गेले आणि पुढच्या घरात जायला हवा असलेला शेवटचा ४ केबीचा भाग याच घरात अडकला. बफर कुठेही ओलांडला गेलेला नाही, म्हणून मेमरी तपासणारी कुठलीही हत्यारं गप्प बसतात.

आणि गंमत बघा: त्याच ऑफसेटवरून, त्याच लांबीचं डायरेक्ट वाचन केलं तर तेही "पूर्ण पेज" ठरतं, तेही घर शून्य सुरुवातीपासून वाचतं, आणि लिहिलेलं जसंच्या तसं हातात येतं. लिहा, वाचा, ताडून पाहा, सगळं जुळतं. "आमची चाचणी तर पास होते, मग एक्सएफएसमध्येच बग असणार" हे वाक्य याच जागी जन्माला येतं. एक्सएफएस बिचारं इतकंच करतं की एका वेळी एका संरेखनाने लिहितं आणि दुसऱ्या वेळी दुसऱ्या संरेखनाने वाचतं. शिवाय मेटाडेटावर चेकसम (डेटा बदलला का ते ओळखणारा आकडा) ठेवतं, म्हणून त्याला खोट लगेच कळते. फाइलमधल्या डेटावर एक्सएफएस किंवा ईएक्सटी४ चेकसम ठेवत नाहीत. तो बिघडला तर कुणीच ओरडणार नाही.

तेव्हा चाचणी करायची ती लेखन आणि वाचन वेगवेगळ्या संरेखनाने. त्याआधी एक सूचना, आणि ती गंभीरपणे घ्या: हे चालत्या मशीनवर करू नका. पहिल्या प्रकारात कर्नलची मेमरी खरोखर खराब होते. क्यूईएमयू या एम्युलेटरमध्ये ६४ केबी पेजचा एआरएम ६४ कर्नल उभा करून तिथे करा. तो सावकाश चालतो, पण फेकून देता येतो.

एक एमबीची फाइल बनवा जिच्यात ४ केबीचे २५६ ब्लॉक असतील आणि प्रत्येक ब्लॉकभर त्याचाच क्रमांक छापलेला असेल. शून्यांची फाइल घेऊन हा बग कधीच दिसणार नाही, कारण शून्य सरकले काय आणि गळले काय, सारखेच. मग नव्या, कोऱ्या झेडरॅमवर डीडी कमांडने ती फाइल डायरेक्ट लेखनाने उतरवा. ब्लॉक आकार ६४ केबी ठेवा आणि लिहिण्याची सुरुवात ४०९६ बाइटपासून करा. त्यासाठी आउटपुटच्या खुणांमध्ये डायरेक्टसोबत सीक-बाइट्स द्यावं लागतं. झालं की साध्या बफर्ड वाचनाने, म्हणजे कॅशमधून, ४०९६ बाइटपासून एक एमबी परत वाचा आणि सीएमपीने मूळ फाइलशी ताडा. बफर्ड वाचनात दोन्ही सीमा जुळलेल्या असतात, म्हणून ते विश्वासाचं आहे. ड्रायव्हर सदोष असेल तर पहिल्याच ब्लॉकमध्ये शून्याच्या जागी एक छापलेला दिसेल, दुसऱ्यात दोन, आणि शेवटचा ब्लॉक कोरा. सगळं ४ केबीच्या एका ब्लॉकने सरकलेलं. हा झाला दुसऱ्या प्रकाराचा ठसा.

आता डिव्हाइस रीसेट करून हेच १६ केबीच्या ब्लॉक आकाराने करा. लेखनं ४, २०, ३६ आणि ५२ केबीवर सुरू होतात, म्हणजे दर चौथं लेखन घराची सीमा ओलांडतं. सदोष ड्रायव्हरवर दर ६४ केबीच्या हद्दीनंतरचे पहिले ४ केबी कोरे राहिलेले दिसतील, बाकी सगळं ठीक. हा पहिल्या प्रकाराचा ठसा. पेज १६ केबीचं असेल तर पहिल्या चाचणीत १६ आणि दुसरीत ८ केबी घ्या, गणित तेच राहतं.

वाचनाची बाजू तपासायची तर उलट करा: बफर्ड लेखन, सिंक, आणि मग ४०९६ पासून डायरेक्ट वाचन. वाचन-लेखनाची फंक्शनं वेगळी झाल्यानंतर एक दुरुस्त आणि दुसरं सदोष असं होऊ शकतं. स्वतःच्या शाखेत पॅच हाताने उतरवणाऱ्यांकडे तर ते होतंच, कारण दुरुस्ती दोन ठिकाणी सारखीच करायची असते आणि दुसरी जागा विलीनीकरणाच्या झटापटीत सुटते.

कासान, म्हणजे कर्नलचा मेमरीतल्या चुका शोधणारा तपासनीस, लावून बघणाऱ्यांसाठी एक टीप. तात्पुरता बफर पेज ॲलोकेटरकडून येतो आणि पेज ॲलोकेटरच्या पेजभोवती कासान राखीव पट्टे ठेवत नाही. त्यामुळे ६४ केबीच्या पलीकडे लिहिलं गेलं आणि शेजारचं पेज मोकळं असेल तर अहवाल येतो तो "मोकळ्या केलेल्या मेमरीचा वापर" असा. शेजारी कुणी राहत असेल तर अहवालच येत नाही. तो मथळा वाचून पेजच्या आयुष्यमानातला बग शोधत बसलेले लोक मी पाहिले आहेत. मथळ्याकडे दुर्लक्ष करा, खालच्या स्टॅकमध्ये झेडरॅमच्या लेखनाचं फंक्शन आणि त्यात मेमरी कॉपी दिसते का ते बघा.

दुरुस्ती लहान आहे. बायोवर फिरायला तयार मॅक्रो न वापरता इटरेटर हातात घ्यायचा. दर फेरीला इटरेटरच्या आत्ताच्या सेक्टरवरून घराचा क्रमांक आणि ऑफसेट नव्याने काढायचा. इटरेटरकडून सध्याचा तुकडा घ्यायचा; तो मेमरीच्या पेजमध्ये मावेल इतकाच असतो. मग त्याची लांबी "पेज वजा ऑफसेट" याहून जास्त असेल तर तेवढ्यावर आणायची. काम करायचं, आणि इटरेटर तेवढ्याच लांबीने पुढे सरकवायचा. बायो संपेपर्यंत हेच. वाचनात आणि लेखनात, दोन्हीकडे.

लांबी कापणारी ही एक ओळ आली की लांबीवरून "पूर्ण पेज" ठरवणारी तपासणीही आपोआप खरी होते. लांबी पेजइतकी राहिली याचा अर्थ डिव्हाइसच्या बाजूचा ऑफसेट शून्यच असला पाहिजे, नाहीतर ती कापली गेली असती. आणि मेमरीच्या बाजूचा ऑफसेटही शून्यच, कारण इटरेटरने ती हद्द आधीच पाळली आहे. पूर्ण पेजची वाट दोन्ही ऑफसेट विसरून चालते, ते याच भरवशावर. हा भरवसा कोडमध्ये कुठेही लिहिलेला नसतो, म्हणून पुढचा साफसफाई करणारा तो पुन्हा मोडू शकतो. तुमच्या शाखेत तिथे एक ओळीची टिप्पणी टाकून ठेवा.

ही दुरुस्ती ६.५ मध्ये आहे आणि ६.४ च्या स्थिर शाखेतही उतरवली गेली. त्यामुळे वितरणाचा अद्ययावत कर्नल वापरणाऱ्याला आज काही करायचं नाही. समस्या वारंवार उगवते ती दुसरीकडे: डिव्हाइस बनवणाऱ्यांच्या जुन्या शाखा, जिथे साफसफाईचे पॅच निवडून उतरवले आणि मागाहून आलेली दुरुस्ती राहून गेली, आणि झेडरॅमवरून बेतलेले घरगुती ड्रायव्हर. १६ केबी पेजचे कर्नल वाढत चालले आहेत, तसे आजवर ४ केबीवर झाकलेले असे बग बाहेर येत आहेत. ४ केबीवर ते झाकलेले का राहतात? कारण पेज ४०९६ असलं की अर्धवट पेज ओळखणारं फंक्शन संकलनाच्या वेळीच "नाही" असं ठरून जातं आणि ती वाटच बाद होते. तुमची स्वयंचलित चाचणी फक्त एक्स८६ वर चालत असेल तर ड्रायव्हरचा अर्धा भाग ती कधी चालवतच नाही.

तुम्ही स्वतः असा ड्रायव्हर सोपा करायला बसला असाल तर त्या साफसफाईतलं काय उचलावं, याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. सर्वात मोठा फायदा दिशा वरच वेगळ्या करण्याचा. सबमिटच्या फंक्शनमध्ये एकच स्विच: वाचन असेल तर वाचनाचं फंक्शन, लेखन असेल तर लेखनाचं, डिस्कार्ड (जागा आता नको असं सांगणारी मागणी) आणि शून्य भरणं असेल तर डिस्कार्डचं, आणि यापैकी काहीच नसेल तर इशारा देऊन बायो संपवायचा. वाचन आणि लेखन यांच्यात समान भाग वाटतो त्यापेक्षा फार कमी असतो. एक उलगडतं, एक कॉम्प्रेस करतं. वाचनानंतर डेटा कॅश फ्लश करावा लागतो, लेखनात नाही. फसलेल्यांचे मोजमाप वेगळे. खुणेवर वाट बदलणारं एकत्र फंक्शन ठेवलं की प्रत्येक चुकीच्या वाटेची कल्पना दोनदा करावी लागते. दोन लूप जवळपास सारखे दिसतात, तर दिसू देत. हे लूप एकत्र करायचा मोह आवरा.

तात्पुरत्या बफरसाठी हायमेम (कर्नलला कायम मॅप नसलेली मेमरी) वापरायचं सोडून दिलं की मॅप-अनमॅपच्या जोड्या नाहीशा होतात, हाही स्वस्तातला फायदा. आतल्या फंक्शनना बायोव्हेक (बायोतल्या मेमरीच्या तुकड्याचं वर्णन) न देता सरळ पेज द्यावं, म्हणजे ऑफसेटचा प्रश्नच तिथपर्यंत पोचत नाही.

डिस्कार्डमध्ये मात्र हात जपून चालवा. घराच्या मधूनच सुरू होणारा डिस्कार्ड आला तर झेडरॅम तेवढा अर्धवट भाग सोडून पुढच्या पूर्ण घरापासून मोकळं करायला सुरुवात करतो. डिस्कार्डचा हेतू मेमरी वाचवणं. त्यासाठी पेज उलगडून, अर्धं पुसून, पुन्हा कॉम्प्रेस करायचं म्हणजे उलटा खर्च. पण हाच कोड शून्य भरण्याच्या मागणीलाही लावला तर अर्धवट भाग सोडता येणार नाही, कारण तिथे शून्य वाचायला मिळण्याचं वचन दिलेलं असतं. म्हणूनच लॉजिकल ब्लॉक आणि पेज सारखे असतील तेव्हाच झेडरॅम ती सोय जाहीर करतो. ही अट साफसफाई करताना उडवली की मोठ्या पेजवर जुना डेटा पुन्हा उगवलेला दिसतो. लक्षणं वरच्यासारखीच, कारण अगदी वेगळं.

या सीमांच्या बगचं एक सख्खं भावंडही आहे: बॅकिंग डिव्हाइस लावून राइटबॅक वापरणाऱ्यांचं. वापरात नसलेली पेजेस खऱ्या डिस्कवर ढकलली गेली आणि नंतर त्यातलं एक अर्धवट वाचायचं असेल, तर झेडरॅमला आधी अख्खं पेज डिस्कवरून बफरमध्ये आणून मग त्यातला तुकडा द्यावा लागतो. पूर्ण पेजचं वाचन साखळीने करता येतं, मूळ बायो त्या वाचनाशी जोडला की पुरतं. अर्धवटासाठी थांबावंच लागतं. आणि सबमिटच्या आतून दुसरा बायो सबमिट करून थांबलं तर तो बायो चालू टास्कच्या यादीत नुसता पडून राहतो आणि आपण त्याचीच वाट बघत बसतो. म्हणून हे काम वर्कक्यूकडे (कर्नलची मागे वेगळं काम करणारी रांग) सोपवलेलं असतं. ६.४ च्या आधी वर्कक्यूतलं ते काम वाचन सबमिट करायचं, पण ते पूर्ण होण्याची वाट पाहायचं नाही. काम "झालं" म्हणून परत यायचं आणि बफरमध्ये अजून कचराच. ६.४ च्या साफसफाईत स्टॅकवरचा बायो आणि पूर्ण होईपर्यंत थांबणारं सबमिट घालून हे सरळ केलं, आणि त्यातली चूकही वर कळवायला सुरुवात झाली.

त्यामुळे मोठ्या पेजवर, राइटबॅकसह, झेडरॅमवर फाइल सिस्टिम ठेवली असेल तर ६.४ च्या आधी एक बग आणि सुरुवातीच्या ६.४ मध्ये दुसरा, असा पेच आहे. ओळखायचं कसं? बॅकिंग डिव्हाइस काढून तीच चाचणी करा. त्रास थांबला तर अर्धवट वाचनाचा बग, नाही थांबला तर सीमांचा.

कर्नल लगेच बदलता येत नसेल तर तात्पुरते उपाय थोडेच आहेत. झेडरॅम फक्त स्वॅपसाठी ठेवा आणि तात्पुरत्या फाइलींसाठी टीएमपीएफएस (रॅममधली फाइल सिस्टिम) वापरा. त्यातली पेजेस गरज पडली की स्वॅपमार्गे झेडरॅममध्येच जातात, आणि ती वाट नेहमी पूर्ण पेजची असते. ४ केबी पेजचा कर्नल उपलब्ध असेल तर तो बूट करा. एक्सएफएसच्या जागी ईएक्सटी४ घेऊन काम भागवायचा सल्ला मी देणार नाही. त्यावर डायरेक्ट आयओ करणारा एखादा डेटाबेस आला की तीच गत होईल, आणि या वेळी कदाचित चेकसमही नसेल.

बिघडलेल्या फाइल सिस्टिमवर दुरुस्तीचं साधन चालवण्याच्या भानगडीत पडू नका. ते साधनही डिव्हाइस वाचतं-लिहितं ते त्याच सदोष वाटेने, आणि डायरेक्ट आयओ वापरत असेल तर आणखी चार जागा बिघडवेल. वाचवण्यासारखं काही आत असेल तर नुसतं वाचण्यापुरतं माउंट करून, लॉग पुन्हा न चालवता, मिळेल ते दुसरीकडे काढा आणि प्रत्येक फाइल संशयाने तपासा. त्यानंतर झेडरॅम रीसेट करून भागत नाही, मशीन रीबूट करा. सीमा ओलांडलेलं प्रत्येक लेखन कर्नलच्या कुठल्यातरी पेजवर जाऊन पडलेलं असू शकतं, आणि ते पेज कदाचित खऱ्या डिस्कवरच्या फाइलीची कॅश असेल. रीबूटनंतर खऱ्या डिस्कच्या फाइल सिस्टिमचीही तपासणी करून घ्या.